फेब्रुवारीअखेर जपान : प्लमचा बहर बघायला आई-बाबांना कुठे नेऊ?

केतकी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला जातेय, धाकटी बहीण योकोहामाला असते तिच्याकडे. आधी साकुराच्या म्हणजे चेरीच्या फुलांच्या वेळेला जायचं चाललं होतं पण माझं मार्चएंडचं ऑफिस आणि त्यात तेव्हाची तिकिटं बघून डोळे पांढरे झाले म्हणून सगळं अलीकडे आणलं. बहीण म्हणते बरंच झालं, त्या दिवसांत उमे म्हणजे प्लमची फुलं असतात, बागाच्या बागा फुललेल्या असतात आणि साकुराएवढी मारामारी नसते. पण ती स्वतःच नवीन आहे तिकडे, हे सगळं तिच्या ऑफिसातल्या बायकांकडून ऐकलेलं.

आई सत्तरीला आलीय, गुडघे दुखतात, सपाटीवर छान चालते पण जिने बघितले की बसूनच घेते. बाबा एकदम टुणटुणीत, फक्त कॅमेरा हातात आला की माणूस हरवतो. आई पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही, आणि महाशिवरात्र नेमकी तिथल्या मुक्कामात येतेय, तो उपास ती जपानला काय चंद्रावर पण करेल.

नेटवर बघितलं तर जिकडेतिकडे मितो शहरातली कैराकुएन बाग पहिली दाखवतात, कोणी म्हणतं क्योतोला जा. तिथे राहिलेल्यांनी प्लीज सांगा नक्की कुठे नेऊ. आणि खरं खरं सांगा हं, साकुरा चुकल्याची हळहळ वाटेल का?

बंड्या_योकोहामा

अहो योकोहामात मुक्काम आहे ना, मग पहिल्याच दिवशी गाड्या बदलत बाहेरगावी कशाला जाता. शहरातच सांकेइएन आहे, तिथून सुरुवात करा. हारा सांकेइ नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची बाग ही, १९०६ मध्ये त्याने लोकांसाठी खुली केली. गडी हौशी होता, क्योतो-कामाकुराकडची पडायला आलेली जुनी लाकडी देवळं आणि घरं तिथून उचलून आणून त्याने इथे परत उभी केली. टेकाडावर तीन मजली पॅगोडा दिसतो ना फोटोत, तो १४५७ चा आहे. आईंना त्या टेकाडावर चढवू नका, खालून तळ्याच्या काठावरूनच तो जास्त छान दिसतो. बाहेरची बाग बरीचशी सपाट आहे, बसायला बाकं आहेत, आतल्या बागेत थोडे चढउतार आहेत पण तिकडे बाबांना पाठवा. प्लमची झाडं सुमारे ६००. योकोहामा स्टेशनवरून बस मिळते.

आता साकुराच्या हळहळीचं. उमे आणि साकुरा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. साकुरा एकदम फुलतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात वारा-पावसाने झडून जातो, त्यामुळे लोक महिनाभर अंदाज बघत बसतात आणि तरी फसतात. उमेच्या लवकर फुलणाऱ्या, मधल्या, उशिरा फुलणाऱ्या अशा जाती एकाच बागेत लावलेल्या असतात, त्यामुळे एक झाड झडत असतं, शेजारचं भरात असतं, तिसऱ्यावर नुसत्या कळ्या. म्हणून दिवस चुकला वगैरे भानगड नाही, महिनाभरात कधीही जा काहीतरी फुललेलं सापडतंच. पण याचा अर्थ असाही की पोस्टरवर असतं तसं सगळं आभाळ गुलाबी झालेलं दिसणार नाही. ती अपेक्षा ठेवून गेलात तर मात्र हळहळ वाटेल. उमे लांबून बघायचं झाडच नाही, जवळ जायचं, फांदीला नाक लावायचं. साकुराला फारसा वास नसतो, याला असतो, आणि थंड हवेत तो छान जाणवतो.

ओळखायची खूण सांगतो. उमेचं फूल देठाशिवाय थेट फांदीला चिकटलेलं असतं आणि पाकळ्या गोल असतात. साकुराला लांब देठ असतो आणि पाकळीच्या टोकाला बारीक खाच. आईंना एकदा दाखवा, मग त्याच सगळ्यांना शिकवत फिरतील.

खडूस_काका

एवढा खर्च करून जपानला जायचं आणि साकुरा न बघता परत यायचं? म्हणजे आग्र्याला जाऊन पेठा खाऊन येणं झालं. रजा पुढे ढकला, ऑफिस काय बुडत नाही.

केतकी_कर्वेनगर

काका तिकिटं काढून झालीत हो :)

बंड्या_योकोहामा

काकांचं समाधान करायची पण सोय आहे. कावाझु नावाची साकुराची एक जात लवकर फुलते, फेब्रुवारीत, इझु द्वीपकल्पातल्या कावाझु गावात १९५५ साली त्याचं मूळ झाड सापडलं. त्या गावापर्यंत जायची पण गरज नाही, योकोहामाहून केइक्यू लाईन धरून मिउराकाइगान स्टेशनला उतरा, तिथे रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने लावलेत. फेब्रुवारीअखेर म्हणजे बहर उतरणीला लागलेला असेल, हिवाळा उबदार गेला असेल तर जास्तच, पण गडद गुलाबी फुलं आणि त्यात फुटलेली हिरवी पालवी असं दृश्य मिळेल. काका, आता बोला.

खडूस_काका

फोटो टाका मग बोलतो.

मीनल_इबाराकी

मी नोकरीनिमित्त मितोजवळ राहिलेय त्यामुळे माझं मत मितोकडेच झुकणार हे आधीच सांगते. बंड्या म्हणतात ते योकोहामाचं ठीक आहे, पण प्लमची बाग म्हणून जे काय आहे ते कैराकुएनच. १०० एक जातींची सुमारे ३००० झाडं आहेत. जपानच्या तीन नामांकित बागा म्हणतात त्यातली ही एक, दुसरी कानाझावाचं केनरोकुएन आणि तिसरी ओकायामाचं कोराकुएन. केतकी तू कर्वेनगरची ना, मग कोराकुएनची नक्कल तुझ्या घराजवळच आहे की, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच्यावरूनच केलंय. आई-बाबांनी ते बघितलं असेलच, त्यांना तेवढा धागा पुरेल.

कैराकुएन बांधलं तोकुगावा नारिआकीने, मितोचा नववा सरदार, १८४२ साली उघडलं. जपानचा शेवटचा शोगुन (लष्करी शासक) योशिनोबु हा याचाच मुलगा. बाग नुसती सरदाराच्या कुटुंबासाठी न ठेवता रयतेलाही त्यात येता यावं असा त्याचा मूळ विचार होता. आणि प्लमच का, तर एक म्हणजे सगळ्याच्या आधी, बर्फ पडत असताना फुलतो, आणि दुसरं एकदम हिशेबी कारण, फळांचं खारवून उमेबोशी करता येतं जे वर्षानुवर्षं टिकतं, दुष्काळात आणि लढाईत उपयोगी. म्हणजे फुलं बघा आणि कोठारही भरा. अजूनही दर जूनमध्ये तिथली फळं उतरवतात.

बरं आता जायचं कसं. उएनोहून जोबान लाईनची एक्सप्रेस, तोकिवा किंवा हिताची, तासा-सव्वातासात मितो. उत्सव फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत असतो, १८९६ पासून चालू आहे, आणि तेव्हा शनिवार-रविवारी-सुट्टीला बागेच्या अगदी पायथ्याशी कैराकुएन नावाचं तात्पुरतं स्टेशन उघडतं. एरवी गाड्या तिथून न थांबता जातात. पण गंमत बघा, फलाट एकाच बाजूला आहे, त्यामुळे तोक्योकडून येणाऱ्या गाड्याच थांबतात, परत जायला मितो स्टेशनवरूनच गाडी धरावी लागते. आणि स्टेशनवरून तोकिवा देवळापर्यंत चढ आहे, तुझ्या आईला तो नको. त्यापेक्षा मितो स्टेशनला उतरून बस किंवा टॅक्सीने पूर्व दरवाज्याला जा. आत गेलं की प्लमचा भाग सगळा सपाट पठारावर आहे, खाली सेनबा तलाव दिसतो.

जाणकार लोक म्हणतात खरा रस्ता समोरच्या काळ्या दरवाज्याने, आधी अंधारी बांबूची आणि सुरूसारख्या उंच सुगीच्या झाडांची वाट, मग उजेडात फुलं. मला तो रस्ता फार आवडतो पण त्यात उतार-पायऱ्या आहेत, तेव्हा बाबांनी करावा. आत कोबुनतेई म्हणून तीन मजली लाकडी वाडा आहे. मूळचा १९४५ च्या बॉम्बफेकीत जळला, परत बांधला तर १९६९ मध्ये वीज पडून परत काही भाग जळला, परत बांधला. चपला काढून जायचं, जिना अरुंद आणि खडा, आईला खालच्या रंगवलेल्या खोल्या दाखव आणि तिथेच बसव. वरच्या मजल्यावर जेवण चढवायला दोरीने ओढायची एक छोटी लिफ्ट केलीय तेव्हाच्या लोकांनी, ती बाबांना दाखव नक्की. आणि जाड मोजे घालून जा गं, लाकडी जमीन अशी थंडगार असते की पायाला कळा येतात.

पक्षीवेडा_नाशिक

बाबांकडे कॅमेरा आहे म्हणून सांगतो. प्लमच्या फुलांवर मध प्यायला छोटे हिरवे पक्षी येतात, डोळ्याभोवती पांढरं कडं. जपानी नाव मेजिरो. आपल्याकडे चष्मेवाला म्हणतो त्याचाच जपानी भाऊबंद. जपानी चित्रांत प्लमबरोबर उगुइसु पक्षी असतो म्हणून बागेतले बरेच लोक यालाच उगुइसु समजून फोटो काढतात, पण उगुइसु मळकट तपकिरी असतो आणि झुडपात लपून बसतो, दिसत नाही सहसा. मेजिरो एका जागी दोन सेकंद पण थांबत नाही, शटर स्पीड १/१००० च्या वर ठेवायला सांगा आणि पक्ष्यामागे पळू नका, फुललेल्या एका फांदीवर फोकस लावून उभं राहायचं, तो तिथे येतोच. बाबा हरवणार नाहीत, एकाच झाडाखाली सापडतील.

केतकी_कर्वेनगर

बापरे केवढी माहिती, धन्यवाद सगळ्यांना! पक्षीवेडा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, आता रोज सकाळी गच्चीत चष्मेवाला शोधतात. मीनलताई, मोज्यांचं लिहून घेतलं. आता आईच्या खाण्याचं सांगा ना कोणीतरी, आणि तिला धुळीची ॲलर्जी आहे, फुलांच्या बागेत नेल्यावर शिंका सुरू झाल्या तर काय? थंडी किती असते?

रसिका_निशीकसाई

ॲलर्जीचं आधी. प्लमच्या फुलांनी काही होत नाही, खरा ताप सुगीच्या परागांचा. युद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी लावली, ती आता मोठी होऊन फेब्रुवारीपासून पराग उधळते, निम्मं तोक्यो मास्क लावून नाक पुसत असतं. आईंना मास्क लावा आणि त्यांची नेहमीची गोळी बरोबर घ्या, पण गोळीत काय काय आहे ते वाचून घ्या कारण स्यूडोएफेड्रिन जास्त प्रमाणात असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे, आणि आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये ते असतं. थंडी म्हणाल तर तोक्यो-योकोहामाला दुपारी १० अंशांच्या आसपास, मितोला सकाळी शून्याच्या खाली पण जातं. ऊन असतं पण वारा बोचरा. कानटोपी विसरू नका, स्वेटरपेक्षा ती जास्त कामाला येते.

खाणं. बाहेरच्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, भाजीत सुद्धा दाशी असते म्हणजे माशाचा अर्क, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. बागेच्या दिवशी घरून दशम्या, लोणचं, असं घेऊन जा सरळ, बाकावर बसून खाता येतं, कचरा मात्र पिशवीत घालून घरी आणायचा, कचरापेट्या सापडत नाहीत. मितो नात्तोसाठी प्रसिद्ध आहे, आंबवलेलं सोयाबीन, शाकाहारी आहे पण तार सुटते आणि वास... आईंच्या समोर उघडू नका, पुढचा दिवस खराब जाईल. सोबत मिळणाऱ्या सॉसच्या पुडीत पण बऱ्याचदा दाशी असते. उमेबोशी चाखायला मिळेल, खारट-आंबट, लोणच्याच्या बाटलीतला खार आवडणाऱ्यांना नक्की आवडतं, पण विकत घेताना काकडं बघून घ्या, कात्सुओ घातलेलं असलं तर त्यात मासा आला. मध घातलेलं गोडसर मिळतं ते बाबांना.

आणि उपासाची तर चैन आहे! मितो ज्या प्रांतात आहे तो इबाराकी म्हणजे रताळ्याचं माहेर. होशीइमो म्हणजे उकडून काप करून वाळवलेलं रताळं, जपानात जेवढं बनतं त्यातलं बहुतेक सगळं इबाराकीचंच आणि हंगाम थंडीतलाच. नुसतं रताळं, साखर पण नाही. शिवाय सुपरमार्केटच्या दाराशी गरम भाजलेलं रताळं मिळतं, याकिइमो, आतून मधासारखं. साबुदाण्याचं वजन बॅगेत कशाला वाहताय, शेंगदाण्याचा कूट तेवढा न्या.

मीनल_इबाराकी

+१ होशीइमोला. मी अजून मैत्रिणींकडून मागवते. काकडं नाही गं रसिका, लेबल म्हणायचंय ना तुला?

रसिका_निशीकसाई

हो हो लेबल, फोनचा कीबोर्ड स्वतःच्या मनाचं लिहितो.

अर्धवट_इतिहास

सांकेइएनचं भारताशी असलेलं नातं कोणी लिहिलं नाही म्हणून माझी पिंक. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले तेव्हा या हारा सांकेइच्याच घरी सांकेइएनमध्ये पाहुणे म्हणून राहिले होते. हारा चित्रकारांना पोसायचा, त्यातल्या शिमोमुरा कानझानने या बागेतली जमिनीवर आडवी पसरलेली प्लमची झाडं बघून योरोबोशी नावाचा मोठा पडदा रंगवला होता, फुललेल्या प्लमखाली एक आंधळा तरुण मावळत्या सूर्यापुढे हात जोडून उभा आहे. टागोरांना ते चित्र इतकं आवडलं की त्यांनी त्याची नक्कल करून मागितली. ती नक्कल करणारा आराई कानपो पुढे कलकत्त्याला चित्रकला शिकवायला आला आणि भारतात असताना त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. म्हणजे योकोहामातल्या प्लमच्या झाडापासून निघालेला माणूस फिरत फिरत आपल्या संभाजीनगरजवळ वाघूरच्या काठी येऊन पोचला. मूळ पडदा तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे पण तो कायम लावलेला नसतो. झाडं मात्र बागेत बघायला मिळतात, आडव्या खोडाचं प्लम शोधा.

खडूस_काका

हे बाकी माहीत नव्हतं. बरं लिहिलंय.

सुमेधा_क्योतो

थोडं क्योतोचंही. कितानो तेनमांगु देवळात २५ फेब्रुवारीला बाइकासाई म्हणजे प्लमच्या फुलांचा उत्सव असतो. ज्याच्या स्मरणार्थ हे देऊळ, तो सुगावारा मिचिझाने हा विद्वान दरबारी, कारस्थानाने ९०१ साली दाझाइफुला हद्दपार झाला आणि ९०३ साली तिथेच वारला, २५ ही त्याची तिथी. प्लम त्याचा फार लाडका, क्योतोतलं झाड त्याच्या मागे उडत दाझाइफुला गेलं अशी कथा आहे आणि ते झाड म्हणून आजही तिथे दाखवतात. बाइकासाईला जवळच्याच कामिशिचिकेन मोहल्ल्यातल्या गेइको-माइको (गेइशा आणि शिकाऊ गेइशा) उघड्यावर चहा देतात, आणि दर २५ तारखेचा जुन्या वस्तूंचा बाजार पण त्याच दिवशी, त्यामुळे मुंगीला जागा नसते. तुझ्या आईला घेऊन त्या दिवशी अजिबात जाऊ नकोस. दुसऱ्या कुठल्याही दिवशी जा, प्लमच्या बागेच्या तिकिटात चहा आणि छोटी मिठाई मिळते, बसायला मिळतं.

देवळात बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत खूप, आपल्याला जिथे दुखतं तिथे त्या बैलाला हात फिरवायचा अशी पद्धत. सगळ्या बैलांची डोकी घासून चकचकीत झालीत कारण फेब्रुवारीत प्रवेश परीक्षा असतात आणि पोरं डोक्यासाठी येतात. आईला गुडघ्याला हात फिरवू दे.

केतकी_कर्वेनगर

नंदीच की! आईला सांगितलं, ती म्हणते मग क्योतोला पण जायचंच, गुडघ्यासाठी. अहो पण एवढं फिरवायचं तर बुलेट ट्रेनचा खर्च आहे, बहिणीशी बोलते. बाकी ठरलं असं की पोचल्यावर दोन दिवस आराम, मग सांकेइएन, आणि मितो नंतर मधल्या वारी. मीनलताई, मधल्या वारी गेलं तर ते तात्पुरतं स्टेशन नसणार, काही अडतं का? आणि एक्सप्रेसला रिझर्व्हेशन लागतंच का?

मीनल_इबाराकी

काही अडत नाही उलट बरं, तुला तसंही पूर्व दरवाज्यालाच जायचंय. फक्त २३ फेब्रुवारी टाळ, सम्राटाच्या वाढदिवसाची सुट्टी असते, झुंबड होते. सकाळी लवकर पोच, दहा-साडेदहानंतर टूरच्या बसेस यायला लागतात.

एक्सप्रेसमध्ये सगळ्याच सीट रिझर्व्हेशनच्या आहेत, बिनरिझर्व्हेशनचा वेगळा डबा नाही. सीटच्या डोक्यावर छोटे दिवे असतात, हिरवा म्हणजे ती सीट कोणीतरी घेतलेली, पिवळा म्हणजे पुढच्या स्टेशनला घेणारा येतोय, लाल म्हणजे रिकामी. सीट नंबर न घेता नुसतं एक्सप्रेसचं तिकीट काढलं तर लाल दिव्याखाली बसता येतं, पण तिघं-चौघं एकत्र बसायचं असेल तर जाताना-येताना दोन्हीचे नंबर आधीच काढून घे, विशेषतः परतीचे, संध्याकाळी चारनंतर मितोहून तोक्योकडे जाणाऱ्या गाड्या त्या महिन्यात भरलेल्या असतात. मशीनवर इंग्रजी आहे. आणि टॅक्सीवाल्याला दाखवायला "कैराकुएन, हिगाशी-मोन" (म्हणजे पूर्व दरवाजा) असं बहिणीकडून जपानीत कागदावर लिहून घे, नाहीतर तो भला माणूस तुम्हाला समोरच्या दरवाज्याला सोडेल आणि आईला पायऱ्या भेटतील.

केतकी_कर्वेनगर

लिहून घेतलं, हिगाशी-मोन. फोटो टाकेन आल्यावर, काकांसाठी मिउराकाइगानचे पण.